एक सांगाडा, तीन नळ्या: सोय की हौस?

वऱ्हाडी_ओहायोत: तीन सीझन उसन्या बारा बोअरच्या एकनळीवर काढले, आता स्वतःची घ्यायचीय. इथे ओहायोत हरणाला बाटलीसारख्या गळ्याचं रायफल काडतूस चालत नाही; २०१४ पासून सरळ कवचाची चालतात, म्हणून .४५-७०चं जाड काडतूस. उन्हाळ्यात मित्राच्या शेतातल्या ग्राउंडहॉगना (बिळं करणारे मोठे कुरतडे प्राणी) .२२३चं बारीक काडतूस. जानेवारीत ठासणीच्या बंदुकीचा सीझन. तीन बंदुका घेण्यापेक्षा थॉम्पसन/सेंटर कंपनीची एन्कोर (नळी बदलता येणारी, मधून मोडणारी एकनळी) आणि तीन नळ्या, हे माझं मत. बिजागरीची खीळ काढली की नळी सुटते. शिवाय कायद्याने नंबर असलेला सांगाडा म्हणजे बंदूक, नळी नुसता सुटा भाग.

काटकसरी_काका: एन्कोर आणि परवडणारी? प्रत्येक नळीला वेगळी दुर्बीण, तिचे माउंट, कधी पुढचं लाकूडही वेगळं. कागदावर बेरीज कर. सीव्हीए कंपनीची साधी एकनळी स्काउट आणि .२२३ची स्वस्त बोल्ट अ‍ॅक्शन घे, मोकळा हो.

वऱ्हाडी_ओहायोत: काका, दुर्बीण नळीवरच राहते म्हणूनच तर नेम हलत नाही! बदलल्यावर दोन बार काढून खात्री केली की झालं.

जुना_नेमबाज: जुनी हँडी-रायफल (एच अँड आर कंपनीची स्वस्त एकनळी) घेऊन नळ्या गोळा करायचा मोह होईल, तर थांबा. मी फसलोय. दुकानदाराने जादा नळी "बसते हो" म्हणून गळ्यात मारली. घरी लावली तर बंद केल्यावर फट दिसायची. त्या नळ्या कारखान्यातच सांगाड्याला जुळवून द्यायचे, आणि २०१५ला उत्पादनच थांबलं. वर तिचा एसबी१ प्रकारचा सांगाडा छऱ्यांसाठी आणि कमी दाबाच्या काडतुसांसाठी. त्यावर .२२३ची नळी? हात जोडतो, नको. एका नळीसकट मिळाली तर मात्र डोळे झाकून घ्या.

कायदेकानू: एन्कोर घेणाऱ्याने त्याच कंपनीची १९६७ची काँटेंडर स्वस्तात दिसली म्हणून तिच्या नळ्या उचलू नयेत, बसत नाहीत. दुसरं, पिस्तुलाची आखूड नळी आणि खांद्याचा दस्ता एकत्र लावू नका. १६ इंचांखाली नोंदणी लागते. १९९२मध्ये थॉम्पसन/सेंटरचाच यावरचा खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला होता. पिस्तूल, दस्ता आणि लांब नळी असं किट विकणं चाललं, जोडणी कशी करता त्याची जबाबदारी तुमची.

नगरकर: चालू द्या. इकडे भारतात वन्यजीव कायद्याने शिकार बंद, आम्ही रानडुकरांनी उकरलेला भुईमूग मोजतोय.

काटकसरी_काका: मूळ मुद्दा राहिलाच. ठासणीची बंदूक ओहायोत गन सीझनलाही चालते. मग .४५-७० कशाला? हलक्या बंदुकीतून मारून बघ आणि मग खांदा दाखव.

वऱ्हाडी_ओहायोत: आणि पहिला बार पोटात लागला तर? ठासणीची परत भरेपर्यंत हरीण शेजारच्याच्या हद्दीत. एकनळीत निदान दुसरं काडतूस बोटांत धरता येतं.

काटकसरी_काका: पोटात लागतोच कसा? नळ्या नंतर घे, आधी रेंजवर ये रविवारी.