मदत हवी आहे: डेन्मार्कचा सातवा ख्रिश्चन, राजा वेडा असताना सही कोणाची चालायची?

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेसाठी सातव्या ख्रिश्चनवर (कारकीर्द १७६६ ते १८०८) टिपण करतोय. घटनाक्रम माझ्याकडे आहे, त्यामुळे तो नको. राणी कॅरोलाइन माटिल्डा आणि राजाचा डॉक्टर श्ट्रुएन्झे यांचं प्रेमप्रकरणही नको, इंग्रजीत जे हाती लागतं त्यात निम्मी पानं त्यातच जातात!

अडलंय ते कायद्यापाशी. १६६५च्या राजकायद्याने सगळी सत्ता एकट्या राजाच्या हातात. राजाचं मन तर ताळ्यावर नाही. तरी १७७१च्या जुलैत श्ट्रुएन्झेच्या सहीच्या हुकमांना राजाच्या हुकमाचा दर्जा मिळाला, आणि १७७२च्या एप्रिलमध्ये त्याचाच शिरच्छेद झाला. पुढे सत्ता गेली दरबारातल्या गुल्डबर्गच्या गटाकडे. १४ एप्रिल १७८४ला सोळा वर्षांच्या युवराज फ्रेडरिकने भर बैठकीत बापाकडून कागदावर सही घेऊन कारभार ताब्यात घेतला. म्हणजे दर वेळी सही त्या आजारी राजाचीच!

अल्पवयीन राजासाठी पालक नेमायची तरतूद त्या कायद्यात आहे, ती मी वाचली आहे. मला डॅनिश येत नाही, आणि यंत्राने केलेल्या भाषांतरात कायद्याची भाषा पार कोलमडते. इंग्रजी चालेल, जर्मन अडखळत वाचतो. विकत घ्यायची जाडजूड पुस्तकं मात्र परवडणार नाहीत.

तर नेमकं एवढंच: सज्ञान पण मानसिकदृष्ट्या अक्षम राजासाठी त्या कायद्यात एखादं कलम होतं का, की १७८४नंतरही फ्रेडरिकचा अधिकार फक्त बापाच्या त्या सहीवर उभा होता?