मदत हवी आहे: थायरॉईडच्या गोळीत औषधाशिवाय काय काय घालतात हे कुठे कळेल?

नमस्कार, इंदूरहून लिहितेय. माझ्या सासूबाई, वय ६४, नऊ वर्षांपासून थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची पांढरी गोळी घेतात, कधी काही त्रास नाही. दिवाळीनंतर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) वाढलेला आला म्हणून डॉक्टरांनी ७५ ची दिली आणि चौथ्या दिवसापासून अंगावर पित्त उठायला लागलं, पोटावर, मांड्यांवर लाल गांधी, रात्र रात्र झोप नाही त्यांना. डॉक्टर म्हणतात औषध तेच आहे, फक्त पॉवर वाढली. पण नवी गोळी पिवळसर आहे हो, आणि आईंना पिवळ्या रंगाचं वावडं आधीपासूनच, राजेंद्रनगरला एका मुंजीत केशरी भात खाल्ला होता तेव्हाही अगदी अशाच गांधी उठल्या होत्या.

पट्टीवर बघावं तर थायरॉक्सिन सोडियम इतकं आणि पुढे एक्सिपियंट्स क्यू.एस., म्हणजे औषधाशिवायचे बाकीचे घटक लागतील तेवढे, बस! लॅक्टोज (दुधातली साखर) आहे की स्टार्च की गोंद, काही पत्ता नाही. रंगाचं नाव छापतात म्हणे, पण केमिस्टनं पट्टी कापून दिली, तो तुकडा दुसऱ्याच कोणाकडे गेला. फ्रान्समध्ये २०१७ ला लेव्होथायरॉक्स या थायरॉईडच्याच गोळीतलं लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक ॲसिड घातलं तेव्हा औषध तेच असून हजारो लोकांनी तक्रारी केल्या होत्या, म्हणजे माझी शंका अगदीच खुळी नाही ना?

पूर्ण यादी कोण देईल? आणि पांढरी ५० ची दीड गोळी चालेल का? गोळी बंद केलेली नाही, पण रोज सकाळी देताना जीव धास्तावतो.

प्रतिसाद:
ताई, पूर्ण पट्टी किंवा सीलबंद बाटलीच घ्या, दवा बाजारात मिळेल. त्यावर कंपनीचा फोन नाहीतर ईमेल असतो, बॅच नंबर देऊन सगळे घटक लेखी मागवा, टार्ट्राझीन हा पिवळा रंग आहे का हे नाव घेऊन विचारा. दीड गोळीचं मनानं करू नका, डॉक्टरांना केशरी भाताचं सांगून विचारा, रंग टाळायला पांढऱ्या ५० वर डोस बसवतात. ब्रँड बदलला तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच परत करायचा. लॅक्टोजची एवढी काळजी नको, गोळीत ते मिलिग्रॅममध्ये असतं, कपभर दुधात दहा ग्रॅमच्या आसपास. पण ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

धागाकर्ती:
खूप आभार. डॉक्टरांना केशरी भाताचं सांगितलंच नव्हतं आम्ही. आजच फोन करते.