मदत हवी आहे : सोडा करायला केगचा जुना संच घेताना काय काय तपासावं? (पुणे)

नमस्कार मंडळी,

मी कोथरूडला राहते. गेली सहा वर्षं घरी आल्याचा सोडा आणि कोंबुचा (आंबवलेला चहा) करते. आजवर सगळं बाटल्यांतच चालायचं. आलं किसून साखरपाण्यात आंबवायचं, बाटल्या भरायच्या आणि उन्हाळ्यात दर चार-पाच तासांनी झाकण थोडं सैल करून साचलेला वायू जाऊ द्यायचा. मागच्या एप्रिलमध्ये एक बाटली कपाटातच फुटली. काचा वरच्या फळीवरच्या डाळीच्या डब्यांमागे सापडल्या. माझा धाकटा दहा मिनिटं आधी तिथेच उभा होता. त्या दिवशी ठरवलं, काच बास झाली. आता स्टीलचा केग (पेय दाबाखाली भरून ठेवायचं बंद पिंप) घ्यायचा आणि सोडा सिलिंडरच्या वायूने भरायचा.

नवा संच मला परवडत नाही. बाणेरला एक काका आहेत, त्यांच्याकडे जुना आहे. ते बरीच वर्षं अमेरिकेत होते. तिकडे १९७८ च्या कायद्यानंतर घरी स्वतःपुरती बिअर करायला केंद्राची मोकळीक आहे, त्यामुळे हा छंद तिथे घरोघरी दिसतो, तसा त्यांनाही लागला. परत येताना घरसामानाच्या कंटेनरमधून संच आणला आणि इथे नातवंडांसाठी लिंबू सोडा करत राहिले. आता ते मुलीकडे बंगळूरला कायमचे चालले आहेत.

संचात १९ लिटरचे दोन केग, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, अमेरिकन रेग्युलेटर, नळ्या, तोटी, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायची काचेची नळी), आंबवायची प्लास्टिकची बादली आणि फ्रिजला लावायचा तापमान नियंत्रक आहे. सगळ्याचे मिळून २६,००० रुपये म्हणतात. काका सज्जन आहेत, फसवतील असं अजिबात वाटत नाही. पण 'तिकडे एवढ्याला घेतलं होतं' हाच त्यांचा हिशोब आहे आणि मला त्यातलं फार कळत नाही.

रविवारी जाऊन बघून आले. एका केगचं झाकण उघडलं तर गुडघ्याला चोळायच्या मलमासारखा वास आला. काका म्हणाले दोनदा धुतलाय. दोन्ही केगच्या वरच्या जोडण्या एकसारख्या नाहीत. सिलिंडरवर रेग्युलेटर थेट बसत नाही, मध्ये भोसरीतल्या लेथवर करून घेतलेला पितळी तुकडा आहे. रेग्युलेटरवरच्या दाबमापकाचा काटा ८५० पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) होता, म्हणून सिलिंडर जवळजवळ भरलेला आहे असं ते म्हणाले.

तर विचारायचं हे, की यातलं काय घ्यावं, काय सोडावं आणि रास्त किंमत किती?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मला दारू करायची नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ च्या कलम ६५ मध्ये विनापरवाना मादक पेय बनवणं तर येतंच, पण त्या हेतूने भांडी आणि उपकरणं जवळ ठेवणंही येतं. त्यामुळे कृपया बिअरच्या कृती देऊ नका. कोंबुचासुद्धा मी लवकर फ्रिजमध्ये टाकते, कारण अर्ध्या टक्क्याच्या वर अल्कोहोल गेलं की अन्नसुरक्षेच्या नियमांत ते मद्यच धरलं जातं.

प्रतिसाद १

बादली घेऊ नका, फुकट दिली तरी. जुन्या प्लास्टिकला आतून ओरखडे असतात आणि त्यात जंतू बसतात, कितीही धुवा. नियंत्रकाच्या मागे ११० व्होल्ट लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर आपल्या २३० वर लावायचा नाही.

प्रतिसाद २

ताई, किमतीचं नंतर बघू, आधी सिलिंडरचं बोलतो. मी फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहे, वायूचे सिलिंडर रोज हाताळतो.

मापकाच्या काट्यावरून सिलिंडर किती भरलाय ते कळत नाही. आत द्रवरूप कार्बन डायऑक्साइड असतो. त्याचा थेंबभर जरी शिल्लक असला तरी २० अंशांना दाब साधारण ५७ बारच राहतो, म्हणजे ८३० पीएसआयच्या आसपास. भरलेला असो की तळाला आलेला, काटा तोच. द्रव संपला की मगच तो भराभर खाली येतो. खरा हिशोब वजनाचा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर ठोकलेलं असतं. वजनकाट्यावर ठेवा आणि तेवढं वजा करा.

तिथेच तपासणीची तारीख पण ठोकलेली असते. या सिलिंडरची पाण्याच्या दाबाची चाचणी दर पाच वर्षांनी व्हावी लागते. मुदत उलटली असेल तर कुठलाही नियमाने चालणारा भरणावाला हात लावणार नाही, आणि लावूही नये. सिलिंडर पेसोच्या (स्फोटकं आणि वायूच्या सिलिंडरांची सुरक्षा बघणारं केंद्राचं खातं) मान्यतेचा असावा लागतो, अमेरिकेतून आणलेला असेल तर तो बादच समजा.

तो पितळी तुकडा काढून टाका. अमेरिकन रेग्युलेटरचे आटे सीजीए-३२० या तिकडच्या मापाचे असतात, ते आपल्या व्हॉल्व्हला बसत नाहीत हे खरं. पण साठ बारच्या जोडावर कोणी अंदाजाने कातलेला तुकडा मी माझ्या वर्कशॉपमध्येही लावत नाही, तुमच्या स्वयंपाकघरात तर नाहीच. भारतीय आट्यांचा रेग्युलेटर वेगळा मिळतो.

आणि एक नीट बघा. रंगाखाली लाल रंग दिसतो का? आग विझवायच्या यंत्राचा सिलिंडर असेल तर त्यात तळापर्यंत नळी असते. उभा ठेवून उघडला तरी त्यातून वायूऐवजी द्रव येतो आणि तो थेट रेग्युलेटरमध्ये जातो.

शेवटचं, सिलिंडर गॅलरीत उन्हात ठेवू नका. ३१ अंशांच्या वर तो द्रव द्रव राहत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला माहीत आहेच. बंद खोलीतही नको, हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो.

प्रतिसाद ३

मलमाचा वास वाचून लगेच कळलं. हे केग मुळात शीतपेयांच्या दुकानांसाठी बनले. नंतर तिकडे खोक्यातल्या पिशव्यांतून सिरप यायला लागलं आणि जुने केग छंदवाल्यांच्या हाती आले. तुमच्या केगमध्ये कधीतरी रूट बिअर भरलेली असणार. नाव बिअर असलं तरी ते शीतपेय आहे आणि त्यात विंटरग्रीनचा स्वाद असतो, तोच आपल्याकडे मलमात असतो. वास स्टीलमध्ये नसतो, रबरात मुरतो. एका केगला पाच रिंगा असतात, झाकणाची मोठी एक, दोन जोडण्यांच्या दोन आणि आतल्या दोन नळ्यांच्या दोन. पाचही बदला. केग मात्र ब्लीचने धुऊ नका, क्लोरीनने स्टेनलेसला बारीक खड्डे पडतात.

जोडण्या वेगळ्या आहेत कारण एक बॉल लॉक आहे आणि दुसरा पिन लॉक. पेप्सीवाले पहिला वापरायचे, कोकवाले दुसरा. पिन लॉकला वायूच्या बाजूला दोन खिळे, पेयाच्या बाजूला तीन. इथे बॉल लॉकचे सुटे भाग त्यातल्या त्यात मिळतात.

गळती बघायला सिलिंडरची गरज नाही. वायूच्या जोडणीला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून घ्या, पायपंपाने ३० पीएसआय भरा आणि साबणाचा फेस लावा. हायड्रोमीटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडून बघा, त्यावर लिहिलेल्या तापमानाला बरोबर १.००० दाखवायला हवा.

धागाकर्ती

दादा, खांद्यावरचा रंग कसा आहे ते मी पाहिलंच नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी परत जाते, वजनकाटा आणि पंप घेऊन.

प्रतिसाद ४

किमतीबद्दल माझं मत. तिकडच्या किमतीला रुपयांत गुणायचं नाही. इथे जी वस्तू वापरता येते तिचेच पैसे, बाकीची शून्य. आणि काकांना हे समोर बसून, एकेक वस्तू हातात घेऊन सांगा. फोनवर घासाघीस केली तर माणूस दुखावतो.

धागाकर्ती : पुढे काय झालं

शनिवारी गेले. काकांनी चहा केला आणि आम्ही सगळं सामान हॉलमध्ये वर्तमानपत्रावर मांडलं.

सिलिंडरच्या मानेपाशी राखाडी रंगाचा टवका उडाला होता. नखाने थोडं खरवडलं तर खाली लाल. तपासणीची मुदत उलटून दोन वर्षं झालेली. वजन केलं तर ठोकलेल्या आकड्यापेक्षा जेमतेम ३०० ग्रॅम जास्त, आणि काटा अजूनही ८५० वर. काका बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिले. त्यांना कोणीतरी हा 'सोड्याचा सिलिंडर' म्हणूनच विकला होता आणि नातवंडं त्याच्या शेजारी बसून सोडा प्यायची. तो आता कोणालाही द्यायचा नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. प्रतिसाद २ वाले दादा, तुम्ही तो रीतसर निकालात काढायला मदत करणार आहात, त्याबद्दल काकांनी खास आभार कळवले आहेत.

मलमाचा वास बॉल लॉकवाल्या केगचाच निघाला. ३० पीएसआय भरल्यावर झाकण घट्ट होतं, पण पेयाच्या जोडणीच्या बुडाशी फेसातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक यायला लागले. रिंग काढली तर ती एका बाजूला चपटी झालेली. नमुना म्हणून ती पाकिटात टाकून बोहरी आळीत गेले आणि पाचही रिंगा खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या सिलिकॉनच्या घेतल्या. रात्री परत पंप मारला. सकाळी काटा होता तिथेच होता, आणि झाकण उघडल्यावर नाकाला फक्त स्टीलचा वास आला.

हायड्रोमीटर १.००४ दाखवत होता, आतला कागद सरकलाय. नियंत्रक ११० चाच निघाला. बादली काकूंनी कुंड्यांची माती कालवायला ठेवून घेतली.

केग, त्याच्या जोडण्या, नळ्या आणि तोटी असे मिळून ७,५०० ठरले. आकडा काकांनीच सांगितला, मी एक रुपयाही कमी करायला सांगितला नाही. निघताना त्यांनी त्यांची वही दिली. आलं किती, साखर किती, थंड किती केलं, दाब किती ठेवला, नातवंडांना कुठला आवडला, सगळं तारखेनिशी. सोड्याला ४ अंशांवर ३० पीएसआय, असं एका पानावर दोनदा अधोरेखित केलं आहे.

पिन लॉकवाला केग अजून काकांकडे आहे. स्टील आतून स्वच्छ आहे, पोचा नाही, पण तीन खिळ्यांच्या बाजूचा पॉपेट (जोडणीतला स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह) गळतो आणि जोडणीचा एकच संच आहे. काका २,५०० म्हणतात. महिनाअखेर ते निघतील, त्याआधी कोणाला हवा असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा.

आणि मला सिलिंडर अजून हवाच आहे. दोन ते पाच किलोचा, पेसोच्या मान्यतेचा, तपासणीची मुदत बाकी असलेला आणि आत नळी नसलेला. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडला कोणाकडे असेल तर सांगा, वजनकाटा घेऊन मी येईन.