शब्दचर्चा : ‘बिझनेस प्रोसेस’ला मराठीत काय म्हणावं?

दहिवर

नमस्कार मंडळी. मी एका सहकारी दूध संघाच्या संगणक विभागात आहे. गावोगावच्या संकलन केंद्रांपासून मुख्य कार्यालयातल्या बिलांपर्यंतचं सगळं काम एका नव्या सॉफ्टवेअरवर न्यायचं चाललंय, आणि त्याच्या पुस्तिकेचं मराठी करण्याचं काम माझ्याकडे आलंय. ‘बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट’ला (म्हणजे संस्थेतलं काम कोणत्या क्रमाने, कोणाकडून होतं ते आखणं आणि सुधारणं) मी शब्दाला शब्द लावून ‘व्यवसाय प्रक्रिया व्यवस्थापन’ लिहिलं आणि पहिल्या बैठकीचं परिपत्रकही तसंच काढलं : ‘प्रक्रिया सुधारणेबाबत बैठक, संबंधितांनी उपस्थित राहावे.’

बैठकीला पाश्चरायझेशनचे सुपरवायझर आले, बॉयलरवाले आले, प्रयोगशाळेतल्या दोन ताई आल्या. संकलन, वाहतूक आणि हिशेब या तीन विभागांतलं एकही माणूस आलं नाही. आमच्याकडे ‘प्रक्रिया’ म्हणजे जिथे दूध तापवून थंड करतात तो विभाग. आलेल्यांनी शब्दाचा अर्थ बरोबरच लावला होता, शब्द मी चुकीचा निवडला होता. पुस्तिका छापायला जाण्याआधी मला हे नीट करायचंय. काय लिहू?

पदच्छेद

शब्द चुकीचा नाही, पण मराठीत तो दोन कामं करतो आणि ती वेगळी ठेवणारं एक छोटंसं शब्दयोगी अव्यय आहे : ‘वर’.

दुधावर प्रक्रिया करतात, सांडपाण्यावर करतात, पेरणीआधी बियाण्यावर करतात. इथे कोणत्या तरी वस्तूवर काहीतरी घडतं आणि वस्तू बदलते. फळप्रक्रिया, बीजप्रक्रिया हे सगळे याच घरातले. दुसरीकडे प्रवेश प्रक्रिया, निवडणूक प्रक्रिया, निविदा प्रक्रिया. ही ‘चालते’, ‘सुरू होते’, ‘पूर्ण होते’. कोणी प्रवेशावर प्रक्रिया करत नाही. इथे अर्थ आहे ठरलेल्या क्रमाने होणाऱ्या कृती. तुमच्या परिपत्रकात नुसतंच ‘प्रक्रिया सुधारणा’ होतं, कशाची ते नव्हतं. दूध संघातला माणूस मोकळी जागा दुधानेच भरणार.

जाता जाता एक गोष्ट, मला ती फार आवडते. संस्कृत व्याकरणात प्रक्रिया म्हणजे शब्दाचं रूप सिद्ध करण्याची क्रमवार कृती. पाणिनीची सूत्रं ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने वाचून एखादं रूप तयार करता येत नाही. त्यासाठी सूत्रं वेगवेगळ्या अध्यायांतून गोळा करावी लागतात. म्हणून पुढच्या वैयाकरणांनी तीच सूत्रं कामाच्या क्रमाने नव्याने लावली. ‘प्रक्रियाकौमुदी’ हे त्यातल्याच एका ग्रंथाचं नाव. नियम तेच, मांडणी काम करणाऱ्याच्या सोयीची. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना जे करायचंय ते याहून फार वेगळं नसावं.

अव्वल कारकून (निवृत्त)

माझा आक्षेप ‘प्रक्रिया’पेक्षा ‘व्यवसाय’ला आहे. मराठीत व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा : वकिली, डॉक्टरी, किराणा दुकान. इंग्रजीतला ‘बिझनेस’ दर वेळी धंदा नसतो. मंत्रालयाचा कारभार ज्या नियमांनी चालतो त्यांना इंग्रजीत ‘रूल्स ऑफ बिझनेस’ म्हणतात. मराठीत ती ‘शासन कार्यनियमावली’ आहे. विधिमंडळातली ‘बिझनेस अ‍ॅडव्हायझरी कमिटी’ ही ‘कामकाज सल्लागार समिती’. दोन्हीकडे आपल्या आधीच्या लोकांनी धंद्याचा शब्द टाळून कामाचा घेतला. हा निवाडा आधीच झालेला आहे, दहिवर. तुम्ही ‘कामकाज’ घ्या. तो रुग्णालयाला चालतो, पंचायतीला चालतो, दूध संघालाही चालतो.

आता प्रक्रियेबद्दल. माझी सगळी नोकरी महसुलात गेली. फेरफाराचं, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदीचं उदाहरण देतो, कारण ते संगणकाच्या आधीही पाहिलं आणि नंतरही. जमिनीची खरेदी झाली की तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरतो. संबंधितांना नोटीस बजावतो, एक प्रत चावडीवर लावतो. हरकतीसाठी १५ दिवस. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मग सातबाऱ्यावर अंमल दिला जातो, म्हणजे नवं नाव चढतं. जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिच्या कलम १५० नुसार हे चालतं.

या वाक्यांतली क्रियापदं बघा : नोंद धरणे, नोटीस बजावणे, हरकत घेणे, प्रमाणित करणे, अंमल देणे. प्रत्येक क्रियापदामागे एक माणूस आणि एक जबाबदारी आहे. ‘महसूल व्यवसाय प्रक्रिया’ म्हटलं की त्यातला एकही माणूस दिसत नाही. आमच्याकडे कोणी ‘प्रक्रियेत कुठे आहे’ असं विचारायचं नाही. ‘नोंद धरली का?’, ‘अंमल दिला का?’ एवढंच विचारायचे, आणि उत्तर हो किंवा नाही असंच असायचं.

ई-फेरफार, म्हणजे हेच काम संगणकावर आल्यावर काय बदललं तेही सांगतो. पूर्वी खरेदीखत झालं की त्याची खबर तलाठ्यापर्यंत खातेदारालाच पोचवावी लागायची. आता दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली की ती माहिती संगणकातूनच पुढे जाते. खातेदाराचे हेलपाटे वाचले. पण १५ दिवस तसेच राहिले आणि ते राहायलाच हवेत. ते दिवस एखाद्या बहिणीला, एखाद्या भावाला ‘माझाही हिस्सा आहे’ असं सांगता यावं म्हणून ठेवलेले आहेत. मराठीत दोन शब्द आहेत, ‘टप्पा’ आणि ‘हेलपाटा’. काम सुधारायला बसणाऱ्याने प्रत्येक पायरीपाशी थांबून यातलं हे काय आहे ते आधी ठरवावं. हेलपाटा काढायचा, टप्पा जपायचा. टप्पाही काढून टाकला की कुणाचा तरी हक्क जातो, आणि ते पडद्यावर कुठेच दिसत नाही.

स्टोअर विभाग

काका, ‘हेलपाटा’ शब्द मी उचलला. मी चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. आमची भाषा निम्मी इंग्रजी आहे, पण ती आता आमचीच झालीय : पीओ काढला, मटेरियल इनवर्ड केलं, जीआरएन मारला, बिल पास झालं. पुस्तिकेत ‘पीओ’च्या जागी ‘खरेदी आदेश’ आणि ‘जीआरएन’च्या जागी ‘माल स्वीकृती टिपण’ छापलं तर गेटवरच्या मुलाला ते वाचून पुन्हा मनातल्या मनात ‘जीआरएन’ करावं लागेल. त्यामुळे दहिवरदादा, लोकांच्या तोंडी असलेले शब्द हलवू नका. ज्यांना शब्दच नाही त्यांच्यापुरतं मराठी शोधा.

कोर्सला असताना फोर्ड कंपनीचं उदाहरण शिकले होते. व्यवस्थापनाचे अभ्यासक मायकल हॅमर यांनी १९९० मध्ये त्यावर लिहिल्यापासून ते सगळीकडे शिकवतात. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या देणी विभागात पाचशेहून जास्त माणसं होती. त्यांना वाटत होतं, संगणक आणून वीस टक्के कमी करू. मग माझदा या जपानी कार कंपनीकडे पाहिलं, तिथे त्याच कामाला पाच जण. फोर्डची माणसं दिवसभर काय करत होती? पीओ, माल आल्याचा कागद आणि पुरवठादाराचं बिल या तिघांतल्या चौदा बाबी जुळवत होती. न जुळणारी बिलं सोडवण्यातच त्यांचा वेळ जायचा. शेवटी त्यांनी बिलच काढून टाकलं. पीओ संगणकात, माल आला की गेटवरचा माणूस पडद्यावर पाहतो. जुळला तर उतरवून घेतो आणि पैसे निघतात, नाही तर ट्रक परत. विभागातली माणसं ७५ टक्क्यांनी कमी झाली.

आम्हाला हे शिकवताना ‘रीइंजिनिअरिंग’साठी ‘पुनर्अभियांत्रिकी’ असा शब्द फळ्यावर लिहिला होता. वर्गात कोणालाच तो नीट म्हणता आला नाही. सरांनी शेवटी ‘कामाची नव्याने मांडणी’ म्हटलं, तेव्हा सगळ्यांना कळलं. पदच्छेद यांनी सूत्रांबद्दल ‘कामाच्या क्रमाने नव्याने लावली’ लिहिलंय ते वाचून मला तेच आठवलं.

दहिवर

‘नोंद धरणे’ वाचल्यावर मी काल पहाटे एका संकलन केंद्रावर जाऊन बसलो. पाहिलं ते लिहितो, कारण नाव देण्याआधी काम पाहायला हवं होतं आणि ते मी केलं नव्हतं.

साडेपाचला बायका किटल्या घेऊन रांगेत. केंद्राचे सचिव दूध काट्यावर घेतात, सुनेने आणलेलं असलं तरी सासूच्या खात्याचा क्रमांक पुकारतात. छोट्या बाटलीत नमुना, तो मशीनला. फॅट ३.८, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५. पूर्वी हे आकडे सचिव वहीत लिहायचे, मग दुसरं कोणी उत्पादकाच्या कार्डावर, मग तिसरं कोणी दहा दिवसांच्या तक्त्यावर, आणि तो तक्ता आमच्याकडे आला की एक मुलगी तेच आकडे संगणकात भरायची. एकच आकडा चार हातांनी चार वेळा. ३.८ चे ३.३ झाले की भांडण सचिवांशी, चूक मात्र कदाचित तिसऱ्या हाताची. आता मशीनचा आकडा थेट जातो आणि चिठ्ठी छापून हातात येते. एका आजींनी चिठ्ठी उजेडात धरून नातवाकडून वाचून घेतली आणि कनवटीला खोचली. नवं सॉफ्टवेअर म्हणजे त्यांच्यासाठी ती चिठ्ठी.

सचिवांना विचारलं, या सगळ्याला तुम्ही काय म्हणता? म्हणाले, ‘दूध घालण्यापासून बिल होईपर्यंतचं काम.’ मला वाटतं मला निम्मं शीर्षक तिथेच मिळालं.

पदच्छेद

सॉफ्टवेअरची पुस्तिका म्हटली की ‘इन्फर्मेशन सिस्टीम’साठी ‘माहिती प्रणाली’ हा शब्द येणारच, म्हणून त्यातल्या ‘प्रणाली’चंही इथेच सांगून टाकतो. संस्कृतात प्रणाली म्हणजे पाणी वाहून नेणारी नाली. आपली पन्हळ त्याच शब्दातून आली. कौलाचं पाणी एका जागी गोळा करून हवं तिथे सोडते ती पन्हळ. तुमची चार हातांची वही म्हणजे पन्हळीला चार सांधे आणि प्रत्येक सांध्याशी गळती. ‘प्रणाली’ हा शब्द पुस्तिकेत जरूर ठेवा, कार्यालयांत तो रुळलेला आहे. फक्त ‘प्रणाली’ आणि ‘पद्धत’ एकमेकांच्या जागी वापरू नका. पद्धत माणसं पाळतात. प्रणालीतून माहिती वाहते. पद्धत सदोष असेल तर कितीही चांगली प्रणाली तोच दोष जास्त वेगाने पोचवते.

दुभाषी

मी भाषांतराचं काम करते. वरचं सगळं पटतं, पण नाम लागतंच. निविदेत, अभ्यासक्रमात, करारात ‘दूध घालण्यापासून बिल होईपर्यंतचं काम’ दर वेळी लिहिता येत नाही. मी ‘कार्यप्रक्रिया’ वापरते. ‘कार्यपद्धती’ इंग्रजीतल्या ‘प्रोसीजर’साठी राखून ठेवते : एखादी पायरी कशी पार पाडायची याच्या सूचना. कार्यप्रक्रियेत अनेक विभाग येतात, कार्यपद्धती बहुधा एका टेबलापुरती असते. ‘प्रक्रिया सुधारणा’ मात्र सरकारी मराठीत जपून वापरा, तिथे ‘सुधारणा’ म्हणजे कायद्यातली दुरुस्तीही होते. ‘कार्यप्रक्रिया सुधारणे’ असं क्रियापद ठेवलं की घोळ राहत नाही.

अव्वल कारकून (निवृत्त)

दुभाषीताई, ‘कार्यप्रक्रिया’ मान्य. करारापुरतं ठीक आहे.

अजून एक शब्द राहिला आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या दप्तरात सहा गठ्ठ्यांची पद्धत होती. प्रत्येक कारकुनाच्या टेबलाशी सहा गठ्ठे : हातातली प्रलंबित प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायचे कागद. अहमदनगरला १९८० च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची घडी बसवली, तो ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजला. शिस्तीचं दप्तर काय करू शकतं हे आमच्या पिढीने तेव्हा पाहिलं, आणि हे सगळं कागदावर.

त्यातले पहिले दोन गठ्ठे बघा. ‘प्रलंबित’ म्हणजे काम माझ्याकडे पडून आहे, मी करायचंय. ‘प्रतीक्षाधीन’ म्हणजे माझं करून झालंय, दुसऱ्याकडून उत्तर यायचंय. नव्या सॉफ्टवेअरमध्ये मी दोन्हींसाठी एकच शब्द पाहिला : ‘पेंडिंग’. कामसू कारकुनाच्या नावावर तीस पेंडिंग आणि बसून राहणाऱ्याच्या नावावरही तीस. साहेब दोघांना सारखंच बोलतात. जुन्या दप्तराने जो फरक राखला होता तो एका शब्दाने पुसला.

स्टोअर विभाग

काका, हे अगदी खरं आहे. माझ्या पडद्यावर दर सोमवारी जीआरएन पेंडिंग दिसतात. त्यातले बरेचसे क्वालिटीच्या तपासणीसाठी थांबलेले असतात. बैठकीत मात्र विचारणा स्टोअरला. मी दर वेळी वेगळा कागद करून नेते, कोणता माल माझ्यामुळे थांबलाय आणि कोणता नाही ते दाखवायला. म्हणजे सॉफ्टवेअर असून एक तक्ता मी हातानेच लिहिते.

दहिवर

पुस्तिकेचं नाव ठरलं : ‘संकलन ते बिल : कामकाजाची प्रक्रिया आणि माहिती प्रणाली’. करारात ‘कार्यप्रक्रिया’. फॅट, एसएनएफ, चिठ्ठी, बिल, काटा हे शब्द जसेच्या तसे. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला नामाऐवजी प्रश्न टाकतोय : दूध मोजलं का, नमुना घेतला का, चिठ्ठी दिली का.

‘पेंडिंग’बद्दल आज सॉफ्टवेअरवाल्यांशी बोललो. शब्द बदलणं सोपं आहे म्हणाले, पण दोन अवस्था वेगळ्या करायच्या तर आतली रचना बदलावी लागेल, दोन आठवडे लागतील. मी दोन आठवडे मागून घेतले. ‘प्रलंबित’ आणि ‘प्रतीक्षाधीन’ गावच्या सचिवांना जड वाटतील म्हणून पडद्यावर ‘माझ्याकडे’ आणि ‘दुसऱ्याकडे’ असे दोन रकाने केले. ज्या केंद्रावर बसलो होतो तिथल्या सचिवांना नमुना दाखवला. त्यांनी लगेच विचारलं, ‘दुसऱ्याकडे म्हणजे कोणाकडे?’

अव्वल कारकून (निवृत्त)

त्यांचं बरोबर आहे. आवक नोंदवहीत ‘कोणास दिले’ हा रकाना असायचाच, आणि घेणाऱ्याची सही त्याच्याच पुढे. तो रकाना घाला, आणि नाव विभागाचं नको, माणसाचं लिहा.