यीस्टची बाटली: काटकसर की माशांशी खेळ?

रत्नागिरीकर: माशांच्या दोन फुटी टाकीतल्या वनस्पतींना कार्बन डायॉक्साइड देण्यासाठी सिलिंडर आणि रेग्युलेटर विकत घेणे अनावश्यक आहे, असे माझे मत आहे. शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत 200 ग्रॅम साखर, पाव चमचा ड्राय यीस्ट आणि गळ्याखाली चार बोटे जागा राहील इतके कोमट पाणी घालून झाकणातून एअरपंपाची नळी काढून टाकीत सोडली, की दुसऱ्या दिवसापासून बुडबुडे सुरू होतात. साखरेच्या वजनाच्या साधारण निम्मा कार्बन डायॉक्साइड मिळतो. माझा रोटाला (पाण्यात वाढणारी वनस्पती) महिन्याभरात दाट झाला.

वेंगुर्लेकर: असहमत. वायू मिळतो, पण तो थांबवता येत नाही. दिवे मालवल्यावर वनस्पतीही माशांप्रमाणे प्राणवायूच घेतात, यीस्ट मात्र रात्रभर वायू सोडतच राहते. त्यात जांभ्यातल्या विहिरीचे आपले पाणी मृदू, त्यामुळे पीएच झपाट्याने घसरतो, म्हणजे पाणी आम्ल होते. गेल्या जुलैत वादळी पावसात रात्रभर वीज नव्हती, म्हणजे फिल्टर बंद आणि पाण्याचा पृष्ठभाग निश्चल. सकाळी पाहतो तो सगळे गप्पी वर येऊन तोंडे उघडझाप करीत होते. पाण्याचा निम्मा भाग बदलला, तरी तीन दगावले.

रत्नागिरीकर: मी दिवा मालवताना नळी टाकीबाहेर काढून ठेवतो. ती चिमटा लावून बंद मात्र कधीही करू नये, कारण दाब वाढून बाटली फुटू शकते. शिवाय ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यातला हा वायू रंगावरून दाखवणारी कुपी, लावला आहे: निळा म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जास्त.

वेंगुर्लेकर: ड्रॉप चेकरचा रंग बदलायला तास-दोन तास लागतात. तो पिवळा होईपर्यंत माशांनी थांबायचे काय?

मालवणकर: दोघांनीही उन्हाळा विसरला आहे. एप्रिल-मे महिन्यांत खोलीत 33 अंश असताना यीस्ट इतके जोमाने चालते, की दोन आठवडे पुरणारी बाटली आठवड्यातच मंदावते. आधी वायूचा लोंढा, मग दुष्काळ, आणि या चढउतारातच शेवाळ फोफावते. मी बाटली पाण्याच्या बादलीत ठेवतो आणि फेस टाकीत जाऊ नये म्हणून मध्ये दुसरी रिकामी बाटली जोडतो. (घरात माडीचा वास येतो, त्याचे शेजाऱ्यांना काय सांगायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.) सायट्रिक अॅसिड आणि खाण्याच्या सोड्याचा संच थोडा महाग पडतो, पण त्याला वायू बंद करायची तोटी असते. आणि आपल्या ओढ्यांत उगवणाऱ्या क्रिप्टोकोरीनसारख्या संथ वाढणाऱ्या वनस्पती लावल्या, तर हा खटाटोपच नको.

वेंगुर्लेकर: तोटीचा मुद्दा मान्य. पण रत्नागिरीकरांना एकच विचारतो: गणपतीला पाच दिवस गावच्या घरी गेलात, तर रात्री नळी कोण काढणार?

रत्नागिरीकर: गणपतीला जाताना बाटली सोडवूनच ठेवतो आणि टायमरवर दिवा पाच तासांपुरता लावतो. परतल्यावर रोटालाची खालची पाने थोडी झडलेली असतात, एवढेच.