मदत हवी आहे : आप्पांचे हेवी लायसन, मधुमेह आणि फॉर्म १-ए

नमस्कार. माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, गेली २९ वर्षे ट्रक चालवत आहेत. सध्या ते चाकणहून तमिळनाडूतल्या होसूरला गाड्यांचे सुटे भाग घेऊन कंटेनर नेतात. त्यांचे वय ५४ आहे. त्यांच्या मालवाहू वाहनाच्या परवान्याची मुदत पुढच्या महिन्यात संपत असून नूतनीकरणासाठी लागणाऱ्या फॉर्म १-ए या वैद्यकीय प्रमाणपत्राविषयी मला जाणकारांचा सल्ला हवा आहे. प्रश्न केवळ कागद मिळवण्याचा असता, तर हा धागा काढलाच नसता. ओळखीचा एक एजंट आधार कार्डाचा फोटो आणि थोडे पैसे घेऊन, आप्पांना डॉक्टरांसमोर न बसवताही, सही-शिक्क्यासह प्रमाणपत्र आणून द्यायला तयार आहे. मला ते नको आहे. मला आप्पांची तपासणी हवी आहे.

आप्पांना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. ते मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या घेतात, शिवाय रक्तदाबाची एक गोळी आहे. मागच्या महिन्यात तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ९.२ आली आणि डॉक्टरांनी रात्रीचे इन्सुलिन सुरू करण्याचा विषय काढला. त्या दिवसापासून आप्पा त्या दवाखान्याची वाटच टाळत आहेत. इन्सुलिन म्हणजे लायसन गेले, असे चाकणच्या पार्किंगमध्ये त्यांना कोणीतरी सांगितले आहे. ते खरे की खोटे, हे मला ठाऊक नाही.

मागच्या रविवारी मी अर्जातले प्रश्न त्यांना एकेक करून वाचून दाखवत होते आणि ते नखे कापता कापता उत्तरे देत होते. अपस्मार? नाही. रातांधळेपणा? नाही. अचानक शुद्ध हरपणे किंवा चक्कर येणे? तेही नाही. चहा घेऊन आलेला त्यांचा किन्नर, म्हणजे ट्रकवरचा मदतनीस, दारातच थबकला आणि माझ्याकडे पाहत राहिला. संध्याकाळी मी त्याला फोन केला, तेव्हा त्याने जानेवारीतली एक गोष्ट सांगितली, जी घरात कोणालाच माहीत नव्हती. होसूरला माल उतरवायला सहा तास रांग लागली होती. परतीच्या वाटेवर उशीर भरून काढायचा म्हणून आप्पांनी गोळी वेळेवर घेतली, पण जेवण टाळले. खंबाटकीचा बोगदा मागे पडल्यावर त्यांनी दोनदा चुकीचा गिअर टाकला, त्यांचे हात थरथरू लागले आणि ऐन थंडीत बनियन घामाने भिजले. किन्नराने आरडाओरडा करून गाडी कडेला घ्यायला लावली आणि बिस्किटाचा पुडा व साखर घातलेला चहा पाजला. अर्ध्या तासाने आप्पा पुन्हा स्टिअरिंगवर बसले. तिथून तासाभरात नव्या कात्रज बोगद्यानंतरचा नवले पुलाकडचा उतार लागतो. अपघातांसाठी कुप्रसिद्ध असलेला तो उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको.

मी विचारल्यावर आप्पा म्हणाले, “चक्कर कुठे आली होती? घाम फुटला होता नुसता.” ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या लेखी चक्कर म्हणजे माणूस खाली पडणे, आणि ते पडले नव्हते.

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. मधुमेह असल्याने किंवा इन्सुलिन सुरू केल्याने मालवाहू वाहनाचा परवाना खरोखरच नाकारला जातो का? फॉर्म १-ए मध्ये नेमके काय तपासणे अपेक्षित असते, आणि त्यापलीकडे आम्ही स्वतःहून कोणत्या तपासण्या कराव्यात? मालकांना हे सांगावे का, आणि सांगायचे तर कोणत्या शब्दांत? आप्पांची कमाई थांबली तर घराचे हप्ते माझ्या एकटीच्या पगारात बसणार नाहीत, हेही प्रामाणिकपणे लिहिते. आणखी एक गोष्ट, ती कदाचित महत्त्वाची असेल: आप्पा फार मोठ्याने घोरतात. किन्नर केबिनमध्ये न झोपता ढाब्याच्या बाजेवर झोपतो, असे तो हसत सांगतो.

प्रतिसाद १ (मी फिजिशियन आहे, पिंपरीत व्यवसाय करतो)

ताई, केवळ मधुमेह आहे किंवा इन्सुलिन चालू आहे म्हणून आपल्याकडे परवाना नाकारण्याची तरतूद नाही, हे वडिलांना आधी सांगा. फॉर्म १-ए मध्ये नोंदणीकृत डॉक्टरांनी अपस्मार आणि भोवळ, दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येणे, लाल व हिरवा रंग ओळखणे, ऐकू येणे आणि हातापायांतले व्यंग अशा गोष्टी पाहायच्या असतात. (रंगांच्या बाबतीत जून २०२० पासून सौम्य ते मध्यम रंगांधळेपणाला सवलत आहे.) साखरेचा रकाना त्यात शोधू नका. तुमच्या वडिलांचा अडसर साखर वाढण्याचा नसून ती अचानक उतरण्याचा आहे, आणि तो भोवळ व शुद्ध हरपण्याच्या प्रश्नात येतो. खंबाटकीजवळ जे घडले, ते वर्णनावरून तसेच वाटते, आणि ते डॉक्टरांपासून लपवू नये.

ग्लिमेपिराइड ही गोळी पोटात अन्न आहे की नाही याची वाट न पाहता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. त्यामुळे जेवणाची वेळ ज्याच्या हातात नाही, अशा माणसासाठी ती अडचणीची ठरते. साखर क्वचितच एकदम उतरवणारी औषधे उपलब्ध आहेत. तुमच्या डॉक्टरांना “वडील रात्री ट्रक चालवतात आणि जेवण चुकते” हे वाक्य याच शब्दांत सांगा, कारण कित्येक रुग्ण व्यवसाय म्हणून नुसते “नोकरी” एवढेच सांगतात. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांसाठी चांगली शिस्त आहे, ती उसनी घ्यायला हरकत नाही. गाडी सुरू करण्याआधी आणि प्रवासात दर दोन तासांनी बोटातून साखर तपासायची. ती ९० च्या खाली असेल तर आधी खायचे, ७० च्या खाली गेली तर गाडी थांबवून किल्ली काढायची, साखर किंवा ग्लुकोज घ्यायचे, आणि साखर पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटे स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आकडा सुधारल्यानंतरही मेंदू ताळ्यावर यायला वेळ लागतो. वडिलांनी त्या दिवशी अर्ध्या तासात गाडी काढली, ती घाई होती.

तपासण्यांमध्ये बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी, ईसीजी, मूत्रपिंडाचे काम आणि पायांच्या संवेदनेची तपासणी करून घ्या. शेवटची बहुतेक जण विसरतात. त्यांना विचारा, चालताना चप्पल पायातून निसटली तर कळते का? घोरण्याबद्दल झोपेची तपासणीही हवी. रात्रभर श्वास अडखळत असेल तर माणूस आठ तास झोपूनही दिवसा पेंगतो, आणि रक्तदाबही आटोक्यात येत नाही.

प्रतिसाद २ (माझ्या अकरा गाड्या आहेत, मोशीत कार्यालय आहे)

मालकाच्या बाजूने लिहितो. आमच्या गाडीचे पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होते, पण ती चालवणाऱ्या माणसाची कागदोपत्री तपासणी मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांतून एकदा होते. पूर्वी ती तीन वर्षांनी होत असे. ब्रेक लायनर आम्ही वर्षात दोनदा पाहतो, आणि ड्रायव्हरचे डोळे पाच वर्षांनी. म्हणून मी माझ्या माणसांची दर दिवाळीनंतर तपासणी करवतो. त्यात पहिल्या वर्षी कोणी यायला तयार नव्हते, कारण नोकरीवरून काढण्यासाठी चालले आहे असा सगळ्यांचा समज झाला. एकालाही काढले नाही हे दिसल्यावर दुसऱ्या वर्षी स्वतःहून आले.

तुमच्या मालकांना आजार सांगण्याआधी तोडगा सांगा. “आप्पांना होसूरऐवजी जवळच्या न्हावा-शेवा बंदराची खेप द्या, म्हणजे जेवण आणि रात्र घरची होईल,” असे म्हटले तर बोलणे सोपे जाते. भाडे कमी पडते, भत्ताही घटतो, ते खरे आहे.

मुदतीचे म्हणाल तर परवाना संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येते आणि संपल्यानंतर वर्षभराच्या आत केले तर चाचणी द्यावी लागत नाही. मात्र संपलेल्या परवान्यावर एक दिवसही गाडी चालवू देऊ नका. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्राधिकरण केव्हाही नवे वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकते. तेव्हा एजंटाच्या कागदावर विसंबून पाच वर्षे निर्धास्त राहता येईल, असे नाही.

प्रतिसाद ३

माझा भाऊ अमेरिकेत ट्रक चालवतो. तिथे प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षांचे मिळते आणि रक्तदाब १४०/९० च्या आत लागतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना पूर्वी खास सवलत मागावी लागे, ती अट २०१८ मध्ये गेली. आता उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फॉर्म आणि तीन महिन्यांच्या साखरेच्या नोंदी दाखवून एका वर्षाचे प्रमाणपत्र मिळते. आप्पांनी आजपासूनच वही घातली तर ती डॉक्टरांना दाखवायलाही उपयोगी पडेल.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आप्पांना चप्पलेचा प्रश्न विचारला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की गेले वर्षभर ते अनवाणीच गाडी चालवतात, कारण चप्पल घातली की क्लच किती दाबला गेला हे कळत नाही. आम्ही सगळे त्याला उन्हाळ्याची सवय समजत होतो.

गुरुवारी सकाळी जुन्याच डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पायांची आणि डोळ्यांची तपासणी त्याच दिवशी होईल. एजंटाला नाही म्हणून कळवले. मालकांशी मी बोलणार नाही, आप्पा स्वतः बोलणार आहेत, आणि न्हावा-शेवाचे वाक्य त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले. साखर तपासायचे यंत्र आणले आहे. वही किन्नराकडे दिली आहे, कारण आप्पांच्या अक्षराचा भरवसा नाही.

एक शंका राहिली. इन्सुलिन सुरू झालेच, तर ते केबिनमध्ये ठेवायचे कसे? ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन बंधनकारक झाली, पण आप्पांची गाडी २०१७ ची आहे आणि एप्रिलमध्ये चित्रदुर्गाच्या पुढे तिचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही. वापरात असलेले इन्सुलिनचे पेन ३० अंशांच्या वर तापू द्यायचे नाही, असे त्याच्या खोक्यावर लिहिलेले असते. ओल्या मडक्यात किंवा थर्मासमध्ये कोणी लांबच्या खेपेला नेऊन पाहिले असेल, तर कृपया अनुभव लिहावा.