नवं बिऱ्हाड येतंय, तुमच्याकडे काय करता?

नौपाड्यात आमची सोळा बिऱ्हाडांची जुनी सोसायटी. पुढच्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावर नवं कुटुंब येतंय. सेक्रेटरी म्हणून माझी कागदांची फाइल तयार आहे, पुढे काय करायचं ते सुचत नाही. तुम्ही नवे होतात तेव्हाचं लिहा. फजिती आधी लिहिलीत तर बरं.

नेरूळ :
2014 साली सिडकोच्या जुन्या इमारतीत आलो. खाली टेम्पो उभा, आणि कमिटीने मागितले पन्नास हजार! पावती ‘बिल्डिंग फंडा’ची. घर नावावर करताना सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत फार तर 25,000, ट्रान्सफर फी 500, प्रवेश फी 100, हे मागाहून कळलं. दोन वर्षं मी तिथे कुणाच्या हळदीकुंकवाला गेले नाही. समोरच्या काकूंनी मात्र त्याच रात्री पिठलं-भात पाठवला, ताटाखाली चिठ्ठी: ‘पाणी 6 ते साडेसात. गॅसवाला मंगळवारी. जिन्याची खालून चौथी पायरी फुटलीय, अंधारात जपून.’ पायरी कधीच दुरुस्त झाली. चिठ्ठी अजून फ्रिजवर आहे.

घोडबंदर रोड :
आमच्या टॉवरात ग्रुपवर गुलाबांचा पाऊस पडतो. लिफ्टमध्ये कुणी मान वर करत नाही.

खारघर :
आम्ही सहा कुटुंबांनी ठरवून एकाच इमारतीत घरं घेतली. असं एकत्र राहणं डेन्मार्कात 1972 पासून रुजलंय, सामायिक स्वयंपाकघरासकट. आमचं आपलं शनिवारचं जेवण एकत्र. एकाने घर विकलं, नवं जोडपं आलं आणि आम्ही उत्साहाने पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात स्वयंपाकाच्या पाळ्यांचा तक्ता ठेवला. तेरा माणसांची भेंडी! बिचारे तीन शनिवार ‘बाहेरगावी’ होते. आता सहा महिने नुसतं जेवायचं, पाळी नाही. घर बघायला येणाऱ्यालाही आधी एका शनिवारी बोलावतो. एकदा आमच्यातल्याच एकाने पाहुण्यांना ‘मूळ आडनाव काय’ विचारलं, तिथेच त्याला थांबवलं. सहकार कायद्यातलं 23 वं कलम, खुलं सभासदत्व, आम्हाला आमच्याच माणसाला वाचून दाखवावं लागलं.

वाशी :
भाडेकरूंनाही धरा हो. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी लावते तो नॉन-ऑक्युपन्सी चार्ज मालक भरतो, टोमणे आम्ही ऐकतो.

नौपाडा, पुन्हा मीच :
आत्ता जिना उतरून आलो. पायऱ्या धड आहेत. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा मात्र गेलाय, कधीपासून कोण जाणे.